आयोगाचा शिक्का आणि कारागिराची जागा

सरकारी इमारतीच्या शेडमध्ये बसणाऱ्या कारागिराला एक दिवस चिठ्ठी येते : इमारतीचे नूतनीकरण होणार आहे, जागा रिकामी करा. खाली एखाद्या आयोगाचा शिक्का असला की आमचे बांधव तिथेच निम्मे हरतात. "आयोगाला सगळे अधिकार असतात" म्हणत अवजारे बांधायला घेतात. खरेच असतात का?

आपल्या वर्ध्याची मगनवाडीच घ्या. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला गांधीजींच्या हवाली केला. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी तिथूनच चालवले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय उघडले. १९५५ मध्ये तिथे जमनालालजींच्या नावाची संशोधन संस्था निघाली, ती पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडे होती. २००८ मध्ये तिचीच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली. फलक बदलत गेले, पण या साऱ्याची सुरुवात दानातून झाली, कुणाची जागा हिसकावून नव्हे.

कायदाही तेच सांगतो. आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील कलम ४ प्रमाणे आयोगाला मिळकत संपादन करता येते, बाळगता येते, विकताही येते. 'संपादन' हा शब्द ऐकून घाबरू नये. इथे त्याचा अर्थ खरेदी, भाडेपट्टा, दान असा आहे; तुम्हीआम्ही दुकान घेतो तसाच. सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार सरकारचा आहे, आणि तोही २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या वाटेनेच. त्या कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणून भाडेकरू आणि कारागीर हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. जमिनीचा मालक नसलात तरी संपादनापूर्वी तीन वर्षे तिथे काम करीत असाल आणि मुख्य रोजी त्यावर असेल, तर तुमचा हक्क आहे. हे आमच्या किती पिंजाऱ्यांना, सुतारांना ठाऊक आहे?

मिळकत आयोगाचीच असेल तर मात्र मामला अवघड. तिथे १९७१ चा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत कब्जेदारांचा कायदा लागतो. तरीही इस्टेट ऑफिसरने आधी लेखी नोटीस द्यायची, म्हणणे ऐकायचे, मगच हुकूम काढायचा. त्या हुकुमावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. मुदत फक्त १२ दिवसांची. बाराव्या दिवशी वकील शोधत फिरणारे आम्ही पाहिले आहेत. (नगरपरिषदेच्या गाळ्यांना हा कायदा नाही, त्यांचे नियम निराळे.)

इमारत सुधारायला आमचा विरोध नाही. गळक्या छताखाली माल कुणाचाच सुकत नाही. पण आयोग स्थापन झाला तो प्रशिक्षण, कच्चा माल आणि कारागिरांसाठी सामायिक सोयी यांकरिता. नूतनीकरणानंतर शेडच्या जागी सभागृह आणि काचेचे शोरूम उभे राहिले आणि घाणी, चरखा, रंधा बाहेर गेला, तर ते कोणत्या कलमात बसते, हे अर्ज करून विचारलेच पाहिजे.

सर्वांत घातक ठरते ती तोंडी हमी. "काम झाले की परत या" असे साहेब सांगतात, पुढे साहेबांची बदली होते. म्हणून किल्ली देण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्या : परतीची तारीख, जागेचे माप आणि नवे भाडे. अर्जाची प्रत आवक क्रमांकासह घरी ठेवा. साहेब लिहून द्यायला तयार नसतील, तर लेखी नोटीस येईपर्यंत अवजारे बांधू नका.