बाहेरून काळे, आतून कच्चे

हिवाळ्यातल्या सोमवारी माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी असते. शनिवारी गच्चीवर किंवा फार्महाऊसवर बार्बेक्यू झालेला असतो आणि आता घरातले दोघे-तिघे जुलाब, उलट्या, ताप घेऊन आलेले असतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर, भाजलेल्या मांसाने कॅन्सर होतो म्हणतात, खरे का?" त्यांचा सात वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत सलाईनवर होता. मी विचारले, "चिकन आतपर्यंत शिजले होते का?" ते म्हणाले, "बाहेरून तर चांगले काळे झाले होते!"

आधी कॅन्सरबद्दल. मांस फार तापले की त्यातली अमिनो आम्ले आणि क्रिएटिन यांपासून हेटेरोसायक्लिक अमाइन नावाची द्रव्ये बनतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की उठणाऱ्या धुरातून आणखी काही घातक द्रव्ये मांसावर बसतात. मोठ्या मात्रेत दिल्यावर प्राण्यांमध्ये यांनी कर्करोग झालेला आहे. माणसांमधला पुरावा तितका पक्का नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि मटणासारखे लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. तेव्हा वर्षातून तीन-चारदा बार्बेक्यू करणाऱ्याने घाबरू नये. दर आठवड्याला सॉसेज भाजणाऱ्याने मात्र विचार करावा.

माझे मत असे, की आपण काळ्या भागाला घाबरतो आणि कच्च्या भागाला विसरतो. खरे तर दोन्हींचे कारण एकच आहे: मोठी ज्वाळा आणि घाई. ती टाळलीत तर तब्येतही सांभाळली जाते आणि चवही येते. करपलेले म्हणजे खमंग नव्हे.

मग काय करायचे?

कोळशावर राखेचा पांढरट थर येईपर्यंत थांबा. निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवा. मांस मंद बाजूला शिजवा, शेवटी तेज बाजूला रंग आणा.

तुकडे सारखे कापा. तंगडीला हाडापर्यंत चिरा द्या.

दही किंवा लिंबू, आले-लसूण, हळद लावून मांस फ्रीजमध्ये मुरवा. मुरवलेल्या मांसात ती घातक द्रव्ये कमी बनतात. मध किंवा साखर शेवटीच लावा, नाहीतर लगेच करपते. उरलेला कच्चा मसाला भाजलेल्या तुकड्यांवर पुन्हा फासू नका.

कच्च्या आणि शिजलेल्या मांसाचे ताट आणि चिमटा वेगळा ठेवा. माझ्या रुग्णांची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

चिकनच्या सर्वांत जाड भागात तापमान ७४ अंश सेल्सियस व्हायला हवे. रंगावर विसंबू नका, स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरा.

भाज्यांची सळई वेगळी लावा, कारण त्यांना वेळ कमी लागतो. कांदा, सिमला मिरची, मशरूम, कणीस भरपूर ठेवा. भाज्यांत हेटेरोसायक्लिक अमाइन जवळजवळ बनत नाहीत. बटाटा, रताळे मात्र सोनेरी झाले की उतरवा.

आणि थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी खोलीत किंवा तंबूत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो.

यात नवे काहीच नाही. भरिताचे वांगे आपण निखाऱ्यावर भाजतो, पण काळी साल काढून टाकतो आणि गर खातो. रायगडात पोपटी लावतात, तेव्हा जाळ मडक्याच्या बाहेर असतो. आत वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भांबुर्डीच्या पाल्यात वाफेवर शिजतात. त्या चवीला कोणी नावे ठेवल्याचे मी ऐकलेले नाही.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी बरा होऊन घरी गेला. त्याच्या वडिलांना मी बार्बेक्यू बंद करायला सांगितले नाही. कोळसा अर्धा तास आधी पेटवा, एवढेच सांगितले. तुम्हालाही तेच सांगतो.