अर्धा गुडघा बदलताना सर्जनचा हात किती सरावलेला हवा?

'सेवाग्राम-सावंगीला करायचं की नागपूरलाच जायचं?' गुडघ्याचे ऑपरेशन ठरले की वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाटकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, त्यामुळे इम्प्लांटचा खर्च कमी झाला. पण सर्जनच्या अनुभवाला असे दरपत्रक नसते. 'पार्शल', म्हणजे अर्धा गुडघा बदलताना तो अनुभव फार महत्त्वाचा ठरतो.

पार्शल म्हणजे काय?

गुडघ्याचा फक्त एक भाग, बहुधा आतल्या बाजूचा, झिजलेला असेल तर तेवढाच बदलतात. बाकीचा सांधा आणि लिगामेंट तुमचेच राहतात. मात्र बाहेरची बाजू चांगली हवी, एसीएल लिगामेंट शाबूत हवे आणि पायाचा बाक हाताने सरळ होणारा हवा. संधिवातामुळे (आमवात) सगळा सांधा सुजत असेल तर हे ऑपरेशन चालत नाही.

आकडे काय सांगतात?

ब्रिटनमधील सुमारे एक लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पार्शलनंतर गंभीर गुंतागुंत आणि मृत्यू कमी आढळले, पण बसवलेला सांधा पुन्हा बदलावा लागण्याचे (रिव्हिजन) प्रमाण संपूर्ण गुडघा बदलण्याच्या सुमारे दुप्पट होते. पुढच्या विश्लेषणात एक मोठे कारण दिसले: वर्षाला जेमतेम दोन-चार पार्शल करणाऱ्या सर्जनचे निकाल कमकुवत होते. ज्यांच्या गुडघा-प्रत्यारोपणांपैकी निदान २० टक्के पार्शल होती, त्यांचे निकाल बरेच चांगले होते.

सर्जन हे शिकतात कसे?

एम.एस.च्या तीन वर्षांत पाया तयार होतो. त्यानंतर हाडांच्या मॉडेलवर आणि मृतदेहावर सराव, अनुभवी सर्जनला मदतनीस म्हणून साथ, मग त्यांच्या देखरेखीखाली स्वतः ऑपरेशन, असा हा प्रवास असतो. चीर लहान असते, त्यामुळे कमी दिसत असताना अचूक बसवावे लागते. कोणाला पार्शल करू नये हे ओळखणे त्याहून अवघड. रोबोट हाड अचूक कापायला मदत करतो. रुग्णाची निवड मात्र सर्जनलाच करावी लागते.

वर्ध्याचा पेच

सगळेच रुग्ण नागपूरला गेले, तर इथल्या सर्जनचा हात सरावणार कधी? आणि चार सर्जननी वर्षाला दोन-दोन पार्शल केली, तर कोणाचाच सराव होणार नाही. माझ्या मते उपाय असा: प्रत्येक विभागात एक-दोघांनीच ही ऑपरेशने करावीत, सुरुवातीला अनुभवी सर्जनला सोबत घ्यावे आणि प्रत्येक रुग्णाची पुढची नोंद ठेवावी. शिकण्याची किंमत रुग्णाने मोजू नये.

तुम्ही हे विचारा

- वर्षाला किती पार्शल करता? संपूर्ण गुडघे किती?
- माझा गुडघा पार्शलला योग्य का? उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर दाखवाल का?
- ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की तुमच्या देखरेखीखाली दुसरे डॉक्टर?
- आत गेल्यावर जास्त झीज दिसली तर संपूर्ण सांधा बसवण्याची तयारी आहे का?
- मला मांडी घालणे, उकिडवे बसणे, शेतात निंदण-वेचणी जमेल का?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. अनुभवी सर्जन आकडे सरळ सांगतात, आणि 'तुमच्यासाठी संपूर्ण गुडघाच बरा' असेही सांगू शकतात. असा सर्जन सेवाग्राम-सावंगीत भेटला, तर नागपूरची वारी वाचेल. फिजिओथेरपी आणि तपासणीसाठीही तो जवळच असेल.