पाणी दिसतं कुठं आणि पोचतं कुठं

निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला बडनेऱ्यात एक सल्ला हमखास मिळतो. फंडाचे पैसे हाती यायचे असतात, मुलं पुण्याला नाही तर हैदराबादला स्थिरावलेली असतात आणि रेल्वे कॉलनीतलं कुणीतरी म्हणतं, "बडनेऱ्यात काय ठेवलं हाय? निरं उन्ह अन् धूळ. वडाळीकडं तळ्याजवळ प्लॉट पाहा. नाही तर चिखलदऱ्याला थंडाव्यात जागा घ्या." ले-आऊटच्या फलकांवरही हाच सल्ला रंगवलेला असतो. डोंगर दिसतो, तलाव दिसतो, नदी हाकेच्या अंतरावर आहे. फलकावर विहीर कधीच नसते.

तळ्याडोंगराची ही ओढ खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मे महिन्यात ज्या वऱ्हाडात पारा ४५ च्या वर जातो, तिथल्या माणसाला पाण्याची आणि सावलीची आस लागणारच. माझा आक्षेप आहे तो त्या ओढीच्या जोरावर घराची जागा ठरवण्याला. नदी, डोंगर आणि तळं जवळ असलं की राहणं सुखाचं होतं, हे गृहीतच आमच्या जिल्ह्यात पावलोपावली खोटं ठरलेलं आहे.

आधी नदी घ्या. नदी जवळ असली की पाण्याची ददात नाही, असं म्हणणाऱ्यानं बडनेऱ्याहून पश्चिमेला भातकुली, दर्यापूरच्या वाटेला लागावं. पूर्णेचं खोरं आहे ते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा इथंच आहे. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारंच पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, घराच्या भिंतींना लोणा लागतो. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नदीच्या काठावर राहणारी माणसं पिण्याच्या पाण्यासाठी दूरच्या धरणाच्या नळयोजनेकडे डोळे लावून बसतात. याच पूर्णेवर ऋणमोचनला गाडगेबाबांनी घाट बांधला. दर्शनाला येणाऱ्या गोरगरिबांना चिखल तुडवावा लागू नये, म्हणून. नदीवर जावं, अंघोळ करावी, परत यावं, हे नातं त्यांनी बांधून दिलं, आणि नदीशी असं नातं मला पटतं.

आता डोंगर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच आहे, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथंच, आणि पावसाळ्यात धुक्यातून समोरचा माणूस दिसत नाही. बडनेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस तिथं पडतो. तरीही त्याच तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि बायाबापड्या दोर टाकून ते गढूळ पाणी उपसतात. कारण साधं आहे. काळ्या कातळाच्या उतारावर पडलेलं पाणी थांबत नाही, ते खाली धावतं. डोंगरमाथ्याला पाऊस मिळतो, पाणी पायथ्याला मिळतं. शिवाय साठी ओलांडलेल्या माणसानं रात्री छातीत दुखायला लागलं तर घाट उतरून परतवाड्याला पोचायला लागणारा वेळही हिशेबात धरावा. चार दिवसांच्या मुक्कामाला थंड वाटणारी जागा बारा महिने राहायला सोयीची असेलच असं नाही. बडनेऱ्याहून सकाळी निघालं की दुपारच्या आत चिखलदऱ्याला पोचता येतं, तेवढं पुरे.

राहिलं तळं. तळ्याकाठच्या घराची सर्वात मोठी कसोटी नागपुरानं पाहिली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या बाजूच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं. ज्या तलावामुळं त्या भागाला भाव आला होता, तोच घरात आला. एकोणिसाव्या शतकातला बांध, त्याचा सांडवा, सांडव्याखालचा नाग नदीचा प्रवाह, हे सगळं तिथं आधीपासूनच होतं. घर घेताना सांडव्याचं तोंड कुणीकडं आहे, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

यावर जाणकार माणूस एक मुद्दा काढतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. "मग आपले पूर्वज काय वेडे होते? सगळी जुनी गावं नदीकाठीच आहेत. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर वर्धेच्या काठावर नाही का?" आहे. पण कौंडिण्यपूर एकदा डोळ्यांनी पाहा. गाव उंच दरडीवर आहे आणि वर्धा खाली. आपल्या वाडवडिलांनी शेतीसाठी काळी ठेवली आणि घरासाठी पांढरी निवडली. वऱ्हाडातली जुनी गढी पाहा, गावातल्या सर्वात उंच जागी ती सापडेल. पाणी आणायला बाईला रोज उतरून जावं लागे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तो त्रास पत्करला, कारण पुराचं पाणी घरी यावं हे त्यांना नको होतं. आणि जिथं हे भान सुटलं तिथं काय झालं, तेही आमच्या शेजारीच घडलं आहे. वरुडच्या पलीकडं वर्धेच्या काठावर मोवाड आहे. ३० जुलै १९९१ ला पुरानं तिथली दोनशेहून अधिक माणसं नेली. गाव पुढं नव्या जागी वसवावं लागलं. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घराला पाणी दिसण्यापेक्षा घरी पाणी पोचणं महत्त्वाचं, आणि पावसाचं पाणी घरापासून दूर जाणं त्याहून महत्त्वाचं. या कसोटीवर बडनेरा कमी पडत नाही. जुनी वस्ती आणि नवी वस्ती, मधून रेल्वेचे रूळ. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, अमरावतीची शहरबस, आता बेलोऱ्याचं विमानतळही अंगाला लागून. पिण्याचं पाणी येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, जलवाहिनीनं. ते धरण बडनेऱ्यातल्या एकाही खिडकीतून दिसत नाही, आणि त्यामुळं कुणाचं काही अडलेलं नाही. जलवाहिनी फुटली की हाल होतात, हे खरं. पण ती दुरुस्त होते. खाऱ्या विहिरीचं तसं नाही. पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्या आहेत, कोंडेश्वर आहे. श्रावणी सोमवारी जाऊन महादेवाला पाणी घालावं, धबाबा कोसळणाऱ्या ओढ्याशी तासभर बसावं आणि दिवेलागणीला घरी यावं.

प्लॉट बघायचाच तर दलालाच्या गाडीतून हिवाळ्यात बघू नये. एकदा भर जेठात जावं. काळी माती असेल तर भेगेत मनगटापर्यंत हात जातो. अशा जमिनीवर मुरुमापर्यंत पाया नेला नाही, तर माती दर पावसात फुगते, दर उन्हाळ्यात आवळते, आणि भिंत तिरपी तडकते. पोहऱ्याच्या अंगाला मुरूम लवकर लागतो, भातकुलीच्या अंगाला काळी खोल जाते. मग झडीच्या दिवसांत पुन्हा जावं. बेशरमाची झुडपं माजलेली दिसली तर पाणी तिथं मुरत नाही, साचतं, हे समजावं. नाल्याच्या रपट्यापाशी उभं राहून बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा कुठवर आहे ते पाहावं. पूर कुठवर चढला होता, हे ती बाभूळ दाखवते. नदीकाठ असेल तर पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघून घ्यावी. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. शेजारच्या घरी तांब्याभर पाणी मागावं आणि तुमच्याकडं डाळ किती वेळात शिजते, हे त्या घरच्या बाईला विचारावं. इसार त्यानंतर.

तळ्याच्या बाजूनंही एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण तळं बोलू शकत नाही. वडाळी आणि छत्री हे दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात अमरावतीला पाणी पाजण्यासाठी बांधले गेले. टेकड्यांवरचं पाणी नाल्यानाल्यांनी उतरून त्यांत येतं, म्हणून ते भरतात. त्या उतारावर ले-आऊट पडला, रस्ता झाला, नाला पाइपात घातला किंवा बुजवला, की तळ्याची आवक तुटते आणि उरलेल्या वाटेनं सांडपाणी येतं. बिबट्याचंही तेच. तो विद्यापीठाच्या आवारात दिसला की बातमी होते, पण त्याच्या टेकडीवर आपण गेलो ती बातमी होत नाही. तळ्याच्या प्रेमानं तिथं घर घेणारा माणूस तळ्याच्या तोंडचंच पाणी काढून घेतो, आणि त्याला ते कळत नाही, कारण खिडकीतून पहिली काही वर्षं पाणी दिसत राहतं. महापालिकेनं या दोन्ही तलावांच्या पाणलोटातला प्रत्येक नाला मोजून नकाशावर आणावा, त्याच्या दोन्ही काठांची जागा मोकळी सोडायला लावावी, आणि तोवर टेकड्यांच्या उतारावर एकाही नव्या ले-आऊटला मंजुरी देऊ नये.