फेर आणि छायाचित्र

पनवेलजवळच्या नेऱ्यासारख्या गावांत गौरीच्या सणाला स्त्रिया फेर धरतात. छायाचित्रकार पुढे आला, की पुष्कळदा फेर मोडून रांग केली जाते. कारण फेरात निम्म्या जणींची पाठच चित्रात येते. हे योग्य नव्हे. फेरात प्रत्येकीला समोरच्या सखीचे पाऊल दिसते व त्यावरून ठेका जुळतो. रांगेत चेहरे दिसतात, नाच मात्र तुटतो.

छायाचित्र क्षण टिपते, चाल नव्हे. घाटावर खंडाळ्यास नृत्यशाळा चालविणाऱ्या नर्तकी मेनका १९४७ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या छायाचित्रांत हस्तमुद्रा, मानेचा डौल सारे स्पष्ट आहे. परंतु त्याआधीचे पाऊल कोणते व नंतरचे कोणते, हे त्यांतून कळत नाही. ते शिष्यांच्या अंगीच उरते.

छायाचित्रकाराने हवे तर माडीवर चढावे. फेर त्याच्यासाठी मोडू नये.