विवाहाग्नीची राखण

अक्षता पडल्या की निमंत्रितांची पावले पंक्तीकडे वळतात. होमाजवळ उरतात ती वधूवर, गुरुजी, आईवडील आणि कानपिळीसाठी थांबलेला वधूचा भाऊ. वस्तुतः संस्काराचा गाभा तेथेच असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे, अग्नीसमोरील सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण मानला आहे.

परंतु या अग्नीचे कार्य सातव्या पावलाशी संपत नसे. वधू सासरी निघाली की विवाहाग्नी तिच्यापुढे अखंड न्यावा, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. नव्या घरात तोच गृह्याग्नी होई आणि सकाळ-सायंकाळ त्यात आहुती पडत. ही सेवा सूत्रकाराने एकट्या यजमानाकडे ठेवलेली नाही. पत्नी, पुत्र, कुमारिका कन्या किंवा शिष्य यांनाही ती सांगितली आहे. मात्र अग्नी विझल्यास पत्नीने उपवास करावा, असे काहींचे मतही त्याने नोंदविले आहे. सेवा सर्वांची, प्रायश्चित्त मात्र गृहिणीचे! भगिनींना यात काही नवल वाटू नये.

अग्नी पेटविणे क्षणाचे काम, राखणे पिढ्यांचे. गुजरातेतील वाचकांना उदवाड्याचा इराणशाह परिचित असेल. पारशी बांधवांनी संजाणात प्रतिष्ठापिलेला हा अग्नी संकटकाळी स्थाने बदलीत, नवसारी, सुरत अशा मुक्कामांनंतर १७४२ मध्ये उदवाड्यास आला. तेथे तो आजही तेवत आहे. त्यांचा धर्म निराळा, अग्नीविषयीची धारणाही निराळी. पण स्थलांतरितांनी आपले संचित कसे न्यावे, हे त्यातून उमगते.

आजच्या सदनिकेत गृह्याग्नी राखणे बहुतेकांना शक्य नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांनी एवढे अवश्य करावे. पुढील कार्यात पाने मांडण्यापूर्वी लाजाहोम व सप्तपदी उरकू न देता सर्वांनी बसून पाहावी. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य हा सात पावलांचा अर्थ गुरुजींनी मराठीतून सांगावा. बाहेर अन्य भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या कानी तो पडला, तर मांडवातील अग्नी शांत झाल्यावरही त्याची राखण चालू राहील.