खाली बसवलेली गाडी आणि उपनगरातले रस्ते

गाडी खाली बसवायची, तर कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारं सस्पेन्शन, बसवला की काम सोपं. शॉकॲब्सॉर्बरच्या आट्यांवरची रिंग पान्याने फिरवायची. स्प्रिंगची बैठक खाली सरकते आणि गाडी बसते. वळणावर ती कमी कलते, हेही खरं.

पण चालवायची मुंबईच्या अंधेरी-बोरिवलीत. स्विफ्टखाली मुळात १६३ मिलिमीटर जागा. ५० घटवली की उरते ११३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून अशी गाडी सावकाश निघेल. घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांतले अरुंद, उभे उंचवटे मात्र थेट ऑइल चेंबरला भिडतात. मागे तिघे बसले की आणखीच. अंधेरी सबवे तुंबल्यावर तर बोलायलाच नको.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली.

नुसती बंदी मात्र पटत नाही. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्था असा बदल तपासतात आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतो. इथेही आरटीओने चाकांचे कोन, हेडलाइटचा झोत, ब्रेकच्या नळ्या तपासून परवानगी द्यावी. आणि महापालिकेने ते गल्लीतले उंचवटे मापात आणावेत. त्यांचा दणका रिक्षातल्या गरोदर बाईलाही बसतो.