फाटक गेलं, तळं आलं

"रेल्वे फाटकाच्या कटकटीतून कायमची सुटका!" भुयारी मार्गाच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर असं काहीतरी छापलेलं असतंच. फ्लेक्स लावणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. कायमची म्हणताना जून ते सप्टेंबर धरलेत का?

फाटकं जायला माझा विरोध नाही. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये सगळी फाटकं पाच वर्षांत काढा असं सुचवलं, ते तिथे माणसं मरत होती म्हणून. ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपली. चांगलंच झालं. माझं भांडण बदल्यात जे मिळालं त्याच्याशी आहे.

पुलाला जागा आणि पैसा जास्त लागतो. म्हणून रुळाखाली काँक्रीटच्या पेट्या बसवायच्या, दोन्हीकडे उतार द्यायचा, नारळ फोडायचा. पण रस्ता आजूबाजूच्या जमिनीच्या खाली नेला की शेतातलं, गटारातलं, वरच्या रस्त्यावरचं पाणी तिथेच येणार. सपाट भागात ते आपोआप निघून जात नाही, उपसावंच लागतं. म्हणजे पाणी गोळा करायला टाकी, पंप, पंपाला वीज, वीज गेली तर जनरेटर, आणि रात्री दोन वाजता ते चालू करणारा माणूस. वीज नेमकी कधी जाते ते आपल्याला माहीतच आहे. पाऊस लागला की!

आमच्याकडे काय होतं सांगतो. खाली गुडघाभर पाणी साचलं की पोरं शाळेला रूळ ओलांडून जातात. म्हणजे माणूस रुळावर येऊ नये म्हणून एवढा खर्च केला आणि त्याला परत रुळावरच पाठवला. तेही आता गेटमन नसताना! तक्रार घेऊन जा, एक कार्यालय दुसऱ्याची हद्द दाखवतं, दुसरं पहिल्याची. पाण्याला हद्द कळत नाही हो साहेब.

"चार-आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणणाऱ्यांनी फरिदाबाद आठवावं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या रेल्वे अंडरपासमधल्या पाण्यात गाडी अडकून बँकेचे दोन कर्मचारी बुडाले. मे २०२३ मध्ये बंगळूरला, भर शहरात, के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये एक तरुणी गेली. मुंबईत अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद ठेवायची वेळ येते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही गत, तर आमच्या नगरपंचायतीने कुठून पंप आणायचे?

त्यामुळे तुमच्या गावात फाटक बंद होणार असेल तर हार-तुरे नंतर. आधी सभेत उभं राहून विचारा: पाणी कुठे सोडणार? पंप कुणाचा, डिझेलचा खर्च कुणाचा? बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी उंचवटा आणि आडवं गटार आहे का, उतारावर छप्पर आहे का? चालणाऱ्यांसाठी उंच कट्टा आहे का? पाणी किती फूट चढलं की रस्ता बंद करायचा आणि तो कोण करणार?

उत्तरं लेखी घ्या, खाली सही आणि हुद्दा असू दे. तोपर्यंत फाटक राहू द्या. गाडी जाईपर्यंत दहा मिनिटं थांबणं परवडतं, पाणी ओसरेपर्यंत बाळंतिणीला थांबवता येत नाही.